चित्रांचे नवे नियम आणि घरचा संगणक

जालना-मंठ्याकडून जिंतुराकडे जाणाऱ्या रस्त्याला जेथें सेलूची वाट फुटते, तें परभणी जिल्ह्यांतील देवगाव फाटा. समजा, अशा ठिकाणच्या एखाद्या घरीं कॉलेजांत शिकणारा मुलगा सुटींत येतो आणि म्हणतो, "बाबा, नवा खेळ आपल्या संगणकावर उघडत नाहीं; ग्राफिक्स कार्ड बदलावें लागेल." बऱ्यापैकीं कार्डाला पंचवीस-तीस हजार रुपये सहज पडतात, त्यांतच अठरा टक्के वस्तु व सेवा कर आला. कपाशी-सोयाबीनच्या उत्पन्नांतून ही रक्कम काढावयाची, तर मुलाचें म्हणणें कितपत खरें, हें पाहणें वडिलांना भागच आहे. मुलगा खोटें बोलत नाहीं. परंतु "बदलावें लागेल" आणि "बदललें तर बरें" या दोन वाक्यांत जो भेद आहे, तोच या विषयाचा गाभा होय.

खेळ लिहिणारा कारागीर प्रत्येक कंपनीच्या कार्डाशीं निराळ्या भाषेंत बोलत नाहीं. मध्यें एक ठरीव नियमावली असते. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स ही १९९५ पासूनची. क्रोनोस या संस्थेची व्हल्कन ही २०१६ मधील. येथें प्रकाश पाड, येथें सावली दाखव, अशी आज्ञा या नियमावलीच्या द्वारें जाते व कार्ड ती पाळतें. जी आज्ञा पाळण्याची सोयच कार्डांत नाहीं, ती आवश्यक मानणारा खेळ त्यावर चालत नाहीं.

सेलूचें स्टेशन ज्या मनमाड-परभणी मार्गावर आहे, तो पूर्वी मीटर गेज होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथें ब्रॉड गेजचे रूळ आले आणि जुने डबे त्या मार्गापुरते निकामी झाले. चित्रांचे नियम असे एकदम बदलत नाहींत. येथें नवा रूळ जुन्याच्या शेजारीं घातला जातो व कांहीं वर्षें दोन्ही रुळांवरून गाड्या धावतात. जुना डबा निकामी होतो तो नवा रूळ पडला त्या दिवशीं नव्हे, तर जुन्या रुळावरची गाडी बंद झाली त्या दिवशीं.

याचे दाखले पाहण्यासारखे आहेत. डायरेक्टएक्स १० ही नियमावली जानेवारी २००७ मध्यें विंडोज व्हिस्टाबरोबर लोकांच्या हातीं आली; त्याआधींच्या विंडोज एक्सपीला ती मिळालीच नाहीं. तरी खेळांचे कर्ते जुनी वाट पुढें कित्येक वर्षें उघडी ठेवीत गेले. 'बॅटलफिल्ड ३'सारख्या मोठ्या खेळानें ती बंद केली, तेव्हां २०११ चा ऑक्टोबर उजाडला होता. जुलै २०१५ मधील डायरेक्टएक्स १२ ची गोष्ट निराळी. तिच्या पुष्कळशा आज्ञा त्यापूर्वींच विकल्या गेलेल्या कार्डांनाही समजत होत्या. मात्र येथें फसगत संभवते. खोक्यावर '१२' छापलें म्हणजे त्यांतील सर्व कांहीं आलें, असें नव्हे. या नियमावलींत पायऱ्या आहेत, आणि 'अल्टिमेट' नांवाची वरची पायरी २०२० मध्यें जाहीर झाली.

सर्वांत बोधप्रद दाखला रे ट्रेसिंगचा. प्रकाशाचा किरण कोठून निघाला, कशावर आपटला, कोठें वळला, याचा हिशेब करून चित्र काढण्याची ही रीत. तिच्यासाठीं खास भाग असलेलीं एनव्हिडियाचीं आरटीएक्स २० मालिकेचीं कार्डें सप्टेंबर २०१८ मध्यें बाजारांत आलीं. २०२१ मध्यें 'मेट्रो एक्झोडस'ची एक विशेष आवृत्ति केवळ अशा कार्डांसाठीं निघाली, परंतु मूळ खेळ जुन्या कार्डांना उघडाच राहिला. ही सोय असल्यावांचून आरंभच होत नाहीं, असा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा मोठा खेळ डिसेंबर २०२४ मध्यें निघाला. 'डूम: द डार्क एजेस' मे २०२५ मध्यें. मध्यें सहा वर्षें कां गेलीं? कारण मोठा खेळ केवळ संगणकासाठीं लिहिला जात नाहीं. तो प्लेस्टेशन, एक्सबॉक्स या खेळयंत्रांसाठींही लिहावा लागतो. प्लेस्टेशन ४ मध्यें ही सोय नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्यें निघालेल्या प्लेस्टेशन ५ मध्यें ती आली. जुन्या यंत्रांचें गिऱ्हाईक सोडण्यास कर्ते तयार झाले, तेव्हां कोठें ती सक्तीची झाली.

याचा अर्थ नव्या नियमांकडे दुर्लक्ष करावें असा नव्हे. जुलै २०१९ मध्यें आरएक्स ५७०० आणि आरटीएक्स २०६० सुपर हीं साधारण एकाच वेगाचीं दोन कार्डें आलीं. पहिल्यांत रे ट्रेसिंगचा भाग नव्हता, दुसऱ्यांत होता. सुमारें साडेपांच वर्षांनीं 'इंडियाना जोन्स'च्या कर्त्यांनीं किमान म्हणून नेमकें दुसरें कार्ड नमूद केलें; पहिलें दाराबाहेर राहिलें. उलट, ऑक्टोबर २०२३ मधील 'ॲलन वेक २' हा खेळ जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांवर रखडत असे. मार्च २०२४ मध्यें कर्त्यांनीं दुरुस्ती पाठविली व त्यांचा वेग वाढला. एएमडीची जून २०२१ मधील एफएसआर ही रीत, लहान चित्र काढून तें मोठें करून दाखविणारी, प्रतिस्पर्धी कंपनीच्या जुन्या कार्डांनाही खुली होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें तर आपला 'राजी' हा देखणा खेळ २०२० मध्यें प्रथम निंटेंडो स्विच या अल्पशक्तीच्या यंत्रावर आणला.

तेव्हां पैसे मोजण्यापूर्वी घरांत तीन प्रश्न व्हावेत. पहिला, नेमका कोणता खेळ अडला आहे, आणि अडचण सोयीची आहे कीं वेगाची? वेगाची असेल तर चित्राचा थाट कमी करून भागतें; सोयच नसेल तर इलाज नाहीं. दुसरा, कंपनी त्या कार्डाची काळजी अजून घेते काय? जीटीएक्स १० मालिकेसाठीं नव्या खेळांची तजवीज एनव्हिडियानें ऑक्टोबर २०२५ मध्यें थांबविली. तिसरा, संगणकाला वीज पुरविणारा एसएमपीएस नव्या कार्डाचा भार सोसेल काय? न सोसल्यास खर्च तेथेंच वाढतो. खरेदी करावयाचीच असेल, तर नव्या सोयी व निदान आठ जीबी स्मृति पाहून घ्यावी. पण चालतें कार्ड केवळ नव्या आंकड्याच्या धाकानें काढून टाकूं नये.