खाचरातला पाणढेकूण

उरण म्हटलं की खाडी, मिठागरं आणि १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवाचं बंदर आठवतं. पण पावसाळ्यात इथल्या भाताच्या खाचरांत आणि गावतळ्यांत गोडं पाणीही मुबलक असतं, आणि त्यात पाणढेकूण शिकार करून जगतो. चपटा, तपकिरी, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा. डोकं खाली करून तो पाणगवताला धरून राहतो, पोटाचं टोक पृष्ठभागाला लावून हवा घेतो आणि दबा धरतो. डासाची अळी टप्प्यात आली की पुढच्या पायांत पकडायची, सोंड खुपसून पाचक लाळ आत सोडायची आणि विरघळलेला रस ओढून घ्यायचा. उरतं ते रिकामं साल. मादी अंडी चिकटवते ती थेट नराच्या पाठीवर. पिल्लं निघेपर्यंत तो ती वागवतो, त्यांना हवा लागावी म्हणून पुन्हा पुन्हा वर येतो. अंडी पंखांवरच डकवलेली, त्यामुळे तोवर उडणं बंद.

पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठं होतं, त्याला महिनाभर तरी लागतो. डास मात्र पावसाळी उबेत ८-१० दिवसांत अंड्यातून पंखांपर्यंत पोचतो. म्हणूनच भराव टाकला की डास हटतात, हा समज मला पटत नाही. तळं किंवा खाचर बुजवलं तरी पाऊस थांबत नाही. पाणी भरावातल्या आणि रस्त्याकडेच्या खळग्यांत साचतं, आठवडा-दोन आठवड्यांत आटतं. तेवढा वेळ डासाला पुरतो, त्याच्या शत्रूला नाही. मोठा पाणढेकूण उडत नव्या डबक्यात येतो की, असं कोणी म्हणेल. येतो, रात्री दिव्यावरही येतो. पण आसपास जुनं पाणीच उरलं नाही तर येणार कुठून? डेंग्यूचा डास पिंपांत आणि टायरांत वाढतो, तिथे हा कीटक कामाचा नाही, हे मान्य. तिथे घट्ट झाकण आणि आठवड्यातला एक कोरडा दिवस हाच इलाज. पाणढेकूण माशांची इवली पिल्लंही खातो आणि हातात धरला तर सणसणीत डंख देतो; मत्स्यबीज सोडणाऱ्याचा त्याच्यावर राग असणं रास्तच आहे. पण मत्स्यबीज सोडलेलं नसेल त्या गावतळ्याला तो हिशोब लागू नाही. तिथे अळीनाशक ओतण्याआधी ग्रामपंचायतीने काठच्या गवतातून एकदा चाळण फिरवावी. अंडी वाहणारे नर सापडले आणि डासांच्या अळ्या दिसल्या नाहीत, तर त्या तळ्यात औषध ओतू नये.