चाकणच्या कातळाचा लांबचा प्रवास

पिंपरी-चिंचवडमध्ये सहलींच्या कचेऱ्यांबाहेर मॉरिशसची चित्रे तुम्ही पाहिली असतील. निळा समुद्र, नारळीची झाडे आणि मागे ज्वालामुखीने घडवलेले डोंगर. मुंबईहून विमानाने तेथे जायला साधारण सहा तास लागतात. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून निघालेल्या मराठी कुटुंबांना शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे काढावे लागत. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात. पण या वाटेवरचा सर्वांत लांबचा प्रवास माणसाने केलेला नाही. तो तुमच्या पायांखालच्या काळ्या कातळाने केला आहे, आणि तोही उलट दिशेने!

मोशी-चाकणकडची एखादी दगडखाण लांबून पाहा. (कडेशी जाऊ नका, तेवढे पथ्य पाळाच.) कापलेल्या भिंतीत थरावर थर दिसतात. तप्त शिलारसाचे लोट एकावर एक पसरून थिजले, त्यांचे हे थर. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी केलेली भोके असतात आणि त्यांत कधी झिओलाइटचे पांढरे स्फटिक चमकतात. हा बेसाल्ट खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आजही तो जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

एवढा शिलारस आला कोठून? बहुतेक भूवैज्ञानिक बोट दाखवतात ते रीयुनियन बेटाकडे. मॉरिशसच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किलोमीटरवरचे हे फ्रान्सचे बेट. तेथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या अतिशय जागत्या ज्वालामुखींपैकी एक. त्याच्याखाली खोलवर जी धग आहे, तिच्यावर एके काळी आपली जमीन होती.

तुमच्यापैकी कोणाचे वडील कारखान्यात असतील तर त्यांना सरकत्या पट्ट्याविषयी विचारा. पट्टा पुढे सरकतो आहे आणि रंगाची नळी जागच्या जागी थांबून थांबून फवारते आहे, असे समजा. पट्ट्यावर ठिपक्यांची ओळ उमटेल. नळीपासून सर्वांत दूरचा ठिपका सर्वांत जुना. भारतीय भूपट्ट हा तो पट्टा. दख्खन हा पहिला आणि अवाढव्य ठिपका. त्यानंतर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या तळाचा ज्वालामुखी कणा. पुढे समुद्रतळच दुभंगला आणि उरलेले ठिपके आफ्रिकेकडच्या भूपट्टावर उमटले. त्यांत मॉरिशस अलीकडचे, सुमारे ८० लाख वर्षांचे, आणि रीयुनियन त्याहून कोवळे. १९८७ साली एका संशोधन जहाजाने या ओळीवर समुद्रतळ भोकसून खडक काढले. मालदीवजवळचा खडक सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांचा. ओळ बरोबर लागली!

आता वही घ्या. पुण्यापासून रीयुनियन सुमारे ४८०० किलोमीटर, म्हणजे ४८ कोटी सेंटीमीटर. त्याला ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागा. वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर! बोटांची नखे वाढतात त्याच्या दुप्पट, एवढाच हा वेग.

पण मला स्वतःला सर्वांत गोड वाटतो तो चुंबकाचा पुरावा, कारण तो प्रयोगशाळेतल्या नतिसूचीशी जोडलेला आहे. शिलारस थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटचे कण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरतात आणि ती जपून ठेवतात. सूत्र सोपे आहे : नतिकोनाची स्पर्शज्या = २ × अक्षांशाची स्पर्शज्या. दख्खनच्या खडकांत नतिकोन सरासरीने ४५ ते ५० अंशांच्या आसपास मिळतो. ४८ धरा आणि कोष्टक उघडा. अक्षांश येतो २९. ध्रुवांची त्या काळची अदलाबदल हिशेबात घेतली की तो दक्षिण अक्षांश ठरतो. १९५०च्या दशकात दख्खनच्या दगडांवर अशी मोजमापे झाली, तेव्हा खंड सरकतात हे पुष्कळ विद्वानांना मान्य नव्हते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी मला अडवील : सर, रीयुनियन तर २१ अंश दक्षिणेला आहे! खरे आहे. ८ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ ९०० किलोमीटर. याचा अर्थ आपली नळीही पूर्णपणे स्थिर नसावी. ती धग स्वतः उत्तरेकडे सरकली असेल, किंवा पृथ्वीचे सबंध कवच आसाच्या संदर्भात कलले असेल, किंवा दोन्हीही थोडे थोडे घडले असेल. त्यावर अजून वाद चालू आहेत. पण तसे असेल तर कातळाची चाल नकाशावरच्या ४८०० किलोमीटरांपेक्षाही मोठी ठरते.

आणि ती संपलेली नाही. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीनुसार आपला भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. आज आठवीत असलेला विद्यार्थी दहावीत जाईल तेव्हा चाकण, त्यातले कारखाने आणि त्याच्या शाळेचा फळा यांच्यासह, १० सेंटीमीटर पुढे गेलेले असेल.