ट्रेनरची परीक्षा: दंडापेक्षा डोक्याची

गव्हाण-उलवे पट्ट्यात इमारती वाढल्या तशा जिमही वाढल्या. व्यायामाची आवड असलेली पोरं आता 'सर्टिफाइड ट्रेनर' व्हायचं म्हणतात. त्यांनी एक गोष्ट आधीच ओळखावी: ही परीक्षा किती वजन उचलता याची नसते.

अमेरिकेतल्या 'एसीई' संस्थेची परीक्षा घ्या. 3 तासांत 150 बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 800 पैकी 500 गुण. वय 18 पूर्ण हवं आणि सीपीआरचं प्रमाणपत्रही लागतं. ते लवकर काढून ठेवा. ऐनवेळी धावाधाव नको.

प्रश्न बहुधा प्रसंगातून येतात. समजा, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणारे 55 वर्षांचे काका आलेत. 220 वजा वय या ढोबळ सूत्राने त्यांची कमाल नाडी 165 धराल आणि फसाल. या औषधाने नाडी फारशी वाढतच नाही. घड्याळावरचा आकडा कमी दिसतो आणि माणूस मात्र दमलेला असतो. इथे नाडीऐवजी 'किती दम लागतोय' ही बोर्गची 6 ते 20ची मोजपट्टी किंवा बोलता येतंय का, हे पाहायचं. सूत्र पाठ करणारा नेमका इथे गुण घालवतो.

म्हणून स्नायूंची नावं घोकण्याआधी त्यांचं काम समजून घ्या, सराव चाचण्या वेळ लावून सोडवा आणि चुकलेल्या उत्तराचं कारण वहीत लिहा. आठवड्यात प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती सरळ सोडून द्या. आणि फी भरण्यापूर्वी, ज्या जिममध्ये काम करायचंय तिथे कोणतं प्रमाणपत्र चालतं, ते विचारून घ्या.