थांबण्याची हमी

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा, कोनाचे एकक ‘रेडियन’ करा आणि मनात येईल तो आकडा टाका. मग ‘कॉस’ हे बटण दाबत राहा. समजा १ टाकला, तर पडद्यावर ०.५४०, ०.८५८, ०.६५४, ०.७९३, ०.७०१ असे आकडे येत जातील. कधी मोठा, कधी लहान. पण झोके आखडत जातात आणि पन्नासेक वेळा दाबल्यावर ०.७३९०८५ हा आकडा जागचा हलेनासा होतो. आता १०० टाकून पाहा, उणे ७ टाकून पाहा. मुक्काम तोच. (एकक ‘डिग्री’वरच राहिले असेल तर दोन-तीन दाबांतच ०.९९९८४७७ येऊन थांबते. ते इतके झटपट का, ते पुढे येईलच.)

ज्या आकड्यावर क्रिया केली तरी तो तोच राहतो, त्याला त्या क्रियेचा स्थिरबिंदू म्हणतात. कॅल्क्युलेटरवर तो सापडला खरा, पण सापडणे आणि त्याची हमी असणे यांत फरक आहे. पडद्यावर न हलणारा आकडा पलीकडच्या दशांशस्थळी हळूहळू सरकत असेल, तर यंत्र ते सांगणार नाही. कुठून तरी वेगळीकडून सुरुवात केल्यास दुसराच मुक्काम निघणार नाही, हेही नुसत्या दाबण्याने कळत नाही. या लेखाचा विषय ती हमी आहे. पद्धत फार जुनी आहे. हमी मात्र जेमतेम शंभर वर्षांची.

पद्धतीचे उत्तम उदाहरण आकाशातले आहे. ग्रह लंबवर्तुळावर फिरतो आणि त्याची गती सारखी नसते, हे केप्लरने १६०९ साली मांडले. मग प्रश्न आला की अमुक वेळी ग्रह कुठे असेल? त्यासाठी एक मधला कोन काढावा लागतो आणि त्याचे समीकरण असे आहे : तो कोन = काळावरून मिळणारा कोन + (उत्केंद्रता × त्याच कोनाचे साइन). उत्केंद्रता म्हणजे कक्षा किती लांबट आहे हे सांगणारा आकडा. पंचाईत अशी की जे शोधायचे ते बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना आहे. उत्तर सरळ सोडवून मिळत नाही, हे केप्लरने मान्य केले आणि भूमितिकारांना आव्हान दिले. व्यवहारात मार्ग एकच : एक अंदाज उजवीकडे घालायचा, डावीकडे येईल तो नवा अंदाज, तो पुन्हा उजवीकडे घालायचा. मंगळाची उत्केंद्रता ०.०९३४ आहे. काळाचा कोन ३० अंश घेतला, तर अंदाज ३०, ३२.६७६, ३२.८८९, ३२.९०६, ३२.९०७ असे येतात आणि तिथेच थबकतात.

आपल्याकडच्या ज्योतिषशास्त्राच्या सिद्धान्तग्रंथांत या प्रकाराला असकृत्कर्म म्हणतात. असकृत् म्हणजे एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. आलेले उत्तर परत त्याच गणितात घालायचे आणि ते बदलेनासे झाले की थांबायचे. पंधराव्या शतकात केरळच्या परमेश्वराने तर हे काम जास्त लवकर उरकावे म्हणून अधिक चतुर रीत वापरली. मात्र थांबायचे कधी हे तिथे अनुभवाने ठरत असे. थांबणे अटळ का, हा प्रश्न त्या गणितांत विचारलेला नाही. त्यांना ग्रह हवा होता आणि तो मिळत होता.

हमी देणारा माणूस पोलंडचा. श्टेफान बानाखचा जन्म ३० मार्च १८९२ रोजी क्राकूव शहरात झाला. आईने त्याला तान्हेपणीच दुसऱ्यांच्या हाती सोपवले. फ्रान्चिश्का प्वोवा या बाईने त्याला वाढवले. त्याने ल्वोव (आजचे युक्रेनमधील ल्वीव) येथील तंत्रविद्यालयात अभियांत्रिकीचा अर्धा अभ्यासक्रम केला. गणित मात्र बहुतांशी स्वतःच वाचून शिकला. १९१६ साली क्राकूवच्या प्लांटी बागेत हूगो स्टाइनहाउस हे गणिती फेरफटका मारत होते. बाकावर बसलेल्या दोन तरुणांच्या बोलण्यात ‘लेबेगचे समाकल’ हे शब्द त्यांच्या कानी पडले. तेव्हा हा विषय इतका नवा होता की बागेत तो ऐकू यावा हेच नवल. त्या तरुणांपैकी एक ओटो निकोडिम, दुसरा बानाख. स्टाइनहाउसनी आपल्याला छळणारा एक प्रश्न त्याला सांगितला आणि काही दिवसांत त्याचे उत्तर आले. बानाख हाच आपला सर्वांत मोठा शोध, असे स्टाइनहाउस पुढे म्हणत.

विद्यापीठाची गणितातली पदवी नसतानाही १९२० साली ल्वोव विद्यापीठाने बानाखला डॉक्टरेट दिली. तो प्रबंध १९२२ मध्ये ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिकाए’ या नियतकालिकात फ्रेंचमध्ये छापला गेला. विषय होता अमूर्त संचांवरील क्रिया आणि समाकल समीकरणांसाठी त्यांचा उपयोग. आज जगभर शिकवले जाणारे प्रमेय त्या प्रबंधात एक साधन म्हणून आलेले आहे.

प्रमेय सांगण्यापूर्वी एक कल्पना हवी. १९०६ साली मोरिस फ्रेशे या फ्रेंच गणितीने असे सुचवले की ‘बिंदू’ म्हणजे काय याची काळजी सोडावी. वस्तू कोणत्याही असोत, दोन वस्तूंमधले अंतर मोजण्याची समंजस रीत असली की पुरे. अशा संचाला ‘मेट्रिक स्पेस’ म्हणतात. मी त्याला अंतराचे अवकाश म्हणेन. आता त्या अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला त्याच अवकाशात कुठेतरी नेणारी क्रिया घ्या. कुठलेही दोन बिंदू घेतले तरी त्यांच्यातले अंतर क्रियेनंतर निदान एका ठरावीक पटीने कमी होत असेल आणि ती पट १ पेक्षा लहान असेल, तर त्या क्रियेला आकुंचन म्हणावे. बानाख सांगतो : अवकाश पूर्ण असेल, म्हणजे त्यात भोके नसतील, तर प्रत्येक आकुंचनाला स्थिरबिंदू असतो, तो एकच असतो आणि कुठूनही सुरुवात करून क्रिया पुन्हा पुन्हा केली की आपण त्याच्याकडेच जातो.

सिद्धता इतकी छोटी आहे की ती चार वाक्यांत सांगता येते. पहिल्या पावलाची लांबी काही असेल. दुसरे पाऊल त्याच्या ठरावीक पट, तिसरे त्याच्याही तितक्या पट, अशी पावले आखडत जातात. अशा अनंत पावलांची बेरीजही मर्यादित राहते, म्हणून बिंदू एका ठिकाणी दाटतात. अवकाशात भोक नसल्याने त्या ठिकाणी खरोखरच एक बिंदू असतो आणि तोच स्थिर असतो. समजा स्थिरबिंदू दोन असते, तर क्रियेनंतर त्यांच्यातले अंतर तेच राहायला हवे आणि आकुंचनामुळे कमीही व्हायला हवे. म्हणजे ते अंतर शून्यच.

आपल्या गावाचा नकाशा गावातच जमिनीवर पसरा. गावातली कोणतीही जागा घ्या. नकाशावर ती जिथे दाखवली आहे, ती जागाही गावातलीच. ही क्रिया अंतरे हजारो पटींनी कमी करते. म्हणून नकाशावर असा एकच ठिपका असतो जो स्वतः दाखवत असलेल्या जागेवर बरोबर पडलेला आहे. नकाशा फिरवला, सरकवला तरी तो ठिपका बदलेल, नाहीसा होणार नाही.

हमीबरोबर वेळापत्रकही मिळते, आणि मला या प्रमेयाचे हेच अंग सर्वांत मोलाचे वाटते. ती पट माहीत असली की किती फेऱ्यांत चूक किती उरेल हे आधीच सांगता येते. केप्लरच्या समीकरणात ती पट म्हणजे चक्क कक्षेची उत्केंद्रता! मंगळाच्या बाबतीत चूक हजाराव्या हिश्शावर आणायला तीन फेऱ्या पुरतात. हॅलेच्या धूमकेतूची उत्केंद्रता साधारण ०.९६७, तिथे तितक्याच कामासाठी हमी मिळते ती २०६ फेऱ्यांनंतरची. कॉसच्या खेळात पहिल्या दाबानंतर आकडा −१ ते १ यांच्या आत येतो आणि तिथे पट ०.८४२ च्या आत असते. डिग्रीत मात्र ती ०.०१७५ च्याही आत, म्हणून ती घाई. १९९८ साली ब्रिन आणि पेज यांनी वेबपानांची प्रतवारी लावण्याची जी रीत मांडली, तीही असकृत्कर्मच. वाचक शंभरातल्या ८५ वेळा पानावरच्या दुव्याने पुढे जातो, १५ वेळा भलत्याच पानावर उडी मारतो, असे तिच्यात धरले आहे. त्या उडीमुळे पट ०.८५ होते. हजाराव्या हिश्शासाठी ४३ फेऱ्या, मग पाने कितीही असोत.

आता अटींकडे. गणित मी नोकरी सांभाळून, रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांवर शिकलो. अट का घातली आहे हे सांगायला शेजारी प्राध्यापक नसला की एकच उपाय उरतो : अट काढून टाकायची आणि काय मोडते ते पाहायचे. क्ष ही १ किंवा त्याहून मोठी संख्या घ्या आणि क्रिया अशी : क्ष च्या जागी क्ष + १/क्ष. ताळा करून पाहा, कुठल्याही दोन संख्यांमधले अंतर या क्रियेने कमीच होते. अवकाशात भोकही नाही. तरी स्थिरबिंदू नाही, कारण १/क्ष कधीच शून्य होत नाही. १ पासून निघालात तर २, २.५, २.९ असे पुढे सरकतच राहाल. ५,००० फेऱ्यांनंतर तुम्ही १०० च्या पलीकडे असाल आणि अजून चालतच असाल. अंतर कमी होते, पण एका ठरावीक पटीने नाही. संख्या मोठ्या झाल्या की ती पट १ च्या हवी तितकी जवळ जाते. ‘एकाच ठरावीक पटीने’ हे शब्द पाठ्यपुस्तकात डोळ्यांखालून सहज निसटतात. सगळे बळ त्यांच्यातच आहे.

दुसरी अट भोकांची. १ ते २ मधल्या फक्त अपूर्णांकांचे अवकाश घ्या. क्रिया : संख्या आणि २ भागिले ती संख्या, यांची सरासरी. ही अंतरे निदान निम्मी करते. ३/२ पासून निघालो तर १७/१२ येते, मग ५७७/४०८. ही शेवटची संख्या ओळखीची वाटेल. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी दिलेली किंमत, १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे हीच. (तो तिथवर कसा पोचला हे सूत्रात नाही, रीत हीच होती असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.) ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. एकाचाच फरक! पुढच्या फेऱ्यांत चूक आणखी घटेल, पण मुक्काम कधीच येणार नाही, कारण जिथे दाटी होते आहे तो दोनचा वर्गमूळ अपूर्णांकांच्या गावात राहतच नाही. क्रियेत काही दोष नाही. गावच अपुरे आहे.

बानाखला स्वतःला संख्यांसाठी हे प्रमेय नको होते. त्याच्या प्रबंधात ‘बिंदू’ म्हणजे अख्खे फलन. लंबकाची एका मिनिटाची संपूर्ण हालचाल हा एक बिंदू. दुसरी एखादी हालचाल हा दुसरा. दोघींमधला जास्तीत जास्त फरक हे अंतर. एमिल पिकार १८९० च्या सुमारास अवकल समीकरणे अशीच सोडवत होता : हालचालीचा अंदाज करायचा, तो निसर्गनियमात घालायचा, सुधारलेली हालचाल मिळवायची. थोड्या काळापुरती ही क्रिया आकुंचन असते. म्हणून आजची स्थिती ठरली की पुढची वाटचाल ठरते, आणि ती एकच असते. यंत्रशास्त्रातला हा मोठा विश्वास कशावर उभा आहे ते इथे दिसते.

तो विश्वास कुठे ढळतो हेही दिसते. बुडाला भोक असलेली बादली घ्या. पाणी गळण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, हा टोरिचेल्लीचा नियम. उंची शून्याजवळ आली की वर्गमूळाचा चढ अनंत होतो आणि आकुंचनाची अट मोडते. परिणाम रोजच्या अनुभवातला आहे : रिकामी बादली पाहून ती पाच मिनिटांपूर्वी रिकामी झाली की काल, हे सांगता येत नाही. त्या एका स्थितीमागे अनेक भूतकाळ शक्य आहेत.

स्थिरबिंदूंचे दुसरे एक घराणेही आहे. डच गणिती ब्राउवर याने १९११ च्या सुमारास दाखवले की भरीव चकती न फाडता कशीही ताणा, दुमडा आणि तिच्याच जागेत बसवा. एक बिंदू तरी आपल्या जागी राहतोच. तिथे अंतर कमी होण्याची अट नाही. पण तो बिंदू कुठे आहे आणि त्याच्याकडे जायचे कसे, याबद्दल प्रमेय मौन पाळते. पुढे ब्राउवरचेच तत्त्वज्ञान असे झाले की ज्या वस्तूकडे नेणारी रीत नाही, तिचे अस्तित्व मानू नये. म्हणजे त्याचे सर्वांत गाजलेले प्रमेय त्याच्याच कसोटीला उतरेना. ब्राउवरचे प्रमेय अनंत मितींच्या अवकाशांत नेले ते ल्वोवच्या युलिउश शाउडरने, १९३० साली. शाउडर ज्यू होता. १९४३ मध्ये जर्मनव्याप्त ल्वोवमध्ये त्याची हत्या झाली. त्याच काळात बानाख रुडॉल्फ वायगलच्या संस्थेत टायफसच्या लशीसाठी पाळलेल्या उवांना स्वतःचे रक्त पाजत होता. त्या कामामुळे मिळणारे ओळखपत्र जीव वाचवत असे. युद्ध संपले आणि ३१ ऑगस्ट १९४५ रोजी तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

त्यानंतर या प्रमेयाची शेकडो भावंडे निघाली. अट थोडी सैल करायची, अंतराची व्याख्या थोडी वाकवायची आणि नवा निबंध छापायचा, असा एक कारखानाच सुरू झाला. त्यातले पुष्कळसे वाचून हाती काही लागत नाही, असे माझे मत आहे. पण एक भारतीय धागा निराळा. १९६८ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आर. कन्नन यांनी वेगळी अट मांडली : दोन बिंदू क्रियेमुळे स्वतः जितके हलले त्या दोन हालचालींच्या बेरजेच्या एका ठरावीक हिश्शाच्या आत त्यांच्या नव्या जागांमधले अंतर असावे, तो हिस्सा अर्ध्याहून कमी. अशी क्रिया मध्येच तुटक असली, तरी पूर्ण अवकाशात तिला एकमेव स्थिरबिंदू मिळतो. वरवर पाहता हे कारखान्यातलेच आणखी एक पान वाटेल. पण उलटा प्रश्न विचारून पाहा : एखाद्या अवकाशात प्रत्येक क्रियेला स्थिरबिंदू असेल, तर त्यात भोक नाही असे म्हणता येईल का? बानाखच्या आकुंचनांपुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. असे भोक असलेले अवकाश कॉनेलने १९५९ मध्ये दाखवले होते. कन्नन यांच्या क्रियांपुरते ते ‘हो’ आहे. पी. व्ही. सुब्रह्मण्यम यांनी ते १९७५ साली सिद्ध केले.