लुई फिलिप : 'नागरिक राजा'चा उदय आणि अस्त (१८३०–१८४८)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सच्या दोन राजांना अठरा वर्षांच्या अंतराने जवळजवळ एकाच प्रकारे सिंहासन सोडावे लागले. १८३० मध्ये दहाव्या चार्ल्सने आणि १८४८ मध्ये लुई फिलिपने पॅरिसमधील उठावापुढे नमते घेतले. दोघांनीही अल्पवयीन नातवाच्या नावे राज्यत्याग केला, दोघांच्याही नातवांना राजपद लाभले नाही आणि दोघांनीही इंग्लंडचा आश्रय घेतला. या साम्याखाली मात्र एक महत्त्वाचा भेद दडलेला आहे. दहाव्या चार्ल्सने राज्याची सनद धाब्यावर बसवली होती. लुई फिलिपने तिचे अक्षरशः पालन केले होते. त्याच्या मंत्रिमंडळामागे अखेरपर्यंत प्रतिनिधिगृहातील बहुमत उभे होते. सनद मोडणारा आणि सनद पाळणारा अशा दोन्ही राजांच्या वाट्याला एकच गती का यावी, हा प्रश्न लुई फिलिपच्या कारकिर्दीच्या अभ्यासात केंद्रस्थानी येतो. प्रस्तुत लेखात त्याचे पूर्वायुष्य, राज्यारोहण, कारभार आणि पतन यांचा या प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे.

जडणघडण : क्रांती आणि परागंदा जीवन

लुई फिलिपचा जन्म ६ ऑक्टोबर १७७३ रोजी पॅरिस येथे बूर्बाँ राजघराण्याच्या ऑर्लेआँ या कनिष्ठ शाखेत झाला. त्याच्या शिक्षणाची जबाबदारी मादाम द जाँलिस या विदुषीकडे सोपविण्यात आली होती. आधुनिक भाषा, इतिहास आणि व्यावहारिक ज्ञान यांवर भर देणारे हे शिक्षण तत्कालीन राजपुत्रांच्या शिक्षणाहून वेगळे होते. राज्यक्रांतीस पित्याप्रमाणे त्याचाही पाठिंबा होता. १७९२ मध्ये वाल्मी आणि जेमाप येथील लढायांत तो क्रांतिकारक फ्रान्सच्या बाजूने लढला. पुढे राजा झाल्यावर या लढायांची आठवण त्याच्या प्रतिमेचा आधार ठरली.

तथापि क्रांतीने त्याच्या घराण्याची किंमत वसूल केली. 'फिलिप समता' हे नाव धारण केलेल्या त्याच्या पित्याने जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तो स्वतः गिलोटिनखाली मारला गया, ही घटना ऑर्लेआँ घराण्याला कायमची चिकटली. राजनिष्ठांच्या दृष्टीने हे घराणे राजहत्येचे वाटेकरी ठरले. पित्याच्या मृत्यूपूर्वीच, एप्रिल १७९३ मध्ये, सेनापती द्यूमूरिए याच्यासमवेत लुई फिलिप शत्रुपक्षाच्या हद्दीत निघून गेला होता. त्यानंतरची एकवीस वर्षे त्याने स्वदेशाबाहेर काढली. स्वित्झर्लंडमधील राइखेनाऊ येथे नाव बदलून त्याने शाळेत अध्यापन केले. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापर्यंत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रवास केला. १८०९ मध्ये पालेर्मो येथे नेपल्सची राजकन्या मारी आमेली हिच्याशी त्याचा विवाह झाला. क्रांतीचा अतिरेक आणि राजसत्तेचा हट्ट या दोहोंचे परिणाम त्याने जवळून पाहिले होते. दोन टोकांच्या मधून चालण्याचे त्याचे पुढील धोरण या अनुभवातून घडले.

जुलै क्रांती आणि राज्यारोहण

२५ जुलै १८३० रोजी दहाव्या चार्ल्सने वटहुकूम काढून वृत्तपत्रस्वातंत्र्य स्थगित केले, नवनिर्वाचित प्रतिनिधिगृह विसर्जित केले आणि मताधिकार आणखी संकुचित केला. २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत पॅरिसमधील कारागीर, कामगार व विद्यार्थी यांनी रस्त्यांवर अडथळे उभारून राजाच्या सैन्याला माघार घ्यावयास लावली. लढा रस्त्यावरच्या लोकांनी दिला; त्याचे राजकीय फलित मात्र थिएर, लाफित यांसारख्या उदारमतवादी नेत्यांनी ठरविले. प्रजासत्ताक आल्यास यादवी व परकीय आक्रमण ओढवेल, या भीतीने त्यांनी ऑर्लेआँच्या ड्यूकचे नाव पुढे केले. ३१ जुलैला पॅरिसच्या नगरभवनाच्या सज्जात वृद्ध लाफायेतने त्याला तिरंगी ध्वजासह आलिंगन दिले आणि प्रजासत्ताकवाद्यांचा विरोध तात्पुरता मावळला.

९ ऑगस्ट १८३० रोजी लुई फिलिपने सनदेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. त्याने 'फ्रान्सचा राजा' ही परंपरागत पदवी न घेता 'फ्रेंचांचा राजा' ही पदवी स्वीकारली. राजाने प्रजेस बहाल केलेली देणगी हे सनदेचे स्वरूप संपुष्टात आले; सनद हा राजा व राष्ट्र यांच्यातील करार मानला गेला. कायदे स्थगित करणारे वटहुकूम काढण्याचा राजाचा अधिकार काढून घेण्यात आला, कायदे सुचविण्याचा अधिकार दोन्ही सभागृहांना मिळाला आणि कॅथलिक पंथाचे राजधर्म हे स्थान रद्द झाले. १८३१ च्या अखेरीस वरिष्ठ सभागृहातील वंशपरंपरागत सदस्यत्वही बंद करण्यात आले.

मताधिकाराची मर्यादा

या व्यवस्थेचे खरे स्वरूप १८३१ च्या निवडणूक कायद्यात दिसून येते. मतदारासाठी प्रत्यक्ष कराची अट ३०० फ्रँकवरून २०० फ्रँकवर आणि वयाची अट ३० वरून २५ वर्षांवर आणण्यात आली. उमेदवारासाठी कराची अट १००० ऐवजी ५०० फ्रँक झाली. परिणामी मतदारांची संख्या सुमारे ९४ हजारांवरून सुमारे १ लाख ६६ हजारांवर गेली. देशाची लोकसंख्या त्या वेळी सव्वातीन कोटींच्या आसपास होती. इंग्लंडमधील १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर, लोकसंख्या फ्रान्सहून कमी असूनही, तेथील मतदारांची संख्या याहून कितीतरी अधिक होती.

राजसत्तेचा आधार दैवी अधिकार नव्हता आणि सार्वत्रिक लोकसंमतीही नव्हती. संपत्ती हीच राजकीय पात्रतेची कसोटी ठरली. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, छोटे दुकानदार अशा सुशिक्षित वा कष्टाळू मध्यमवर्गाचा मोठा भागही मताधिकाराबाहेर राहिला. या राजसत्तेस 'मध्यमवर्गाची राजसत्ता' म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती मध्यमवर्गाच्या वरच्या थराची राजसत्ता होती.

अंतर्गत कारभार : उपलब्धी आणि दडपशाही

लुई फिलिपच्या काळातील विधायक कार्य उपेक्षणीय नाही. गिझोच्या पुढाकाराने संमत झालेल्या १८३३ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामघटकावर स्वतंत्रपणे वा शेजाऱ्यांसह प्राथमिक शाळा चालविण्याची आणि प्रत्येक प्रांतावर शिक्षक प्रशिक्षण संस्थेची जबाबदारी टाकली. १८४१ च्या कायद्याने वीसहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत आठ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. परीक्षणाची समर्थ यंत्रणा नसल्याने तो बहुतांशी कागदावरच राहिला. १८४२ च्या रेल्वे कायद्यानुसार जमीन व मार्गाची बांधणी शासनाकडे, तर रूळ, गाड्या व वाहतूक खासगी कंपन्यांकडे सोपविण्यात आली. १८४३ मध्ये पॅरिसहून ऑर्लेआँ व रूआँ येथपर्यंत लोहमार्ग सुरू झाले.

याच काळात कारखानदारीने निर्माण केलेले प्रश्न मात्र शासनाच्या आकलनापलीकडे राहिले. नोव्हेंबर १८३१ मध्ये लियाँ येथील रेशीम विणकरांनी मजुरीच्या किमान दरांची मागणी केली. स्थानिक प्रशासकाच्या मध्यस्थीने ठरलेले दर काही व्यापाऱ्यांनी नाकारले, तेव्हा विणकरांनी शहर ताब्यात घेतले. शासनाने सैन्य पाठवून शहर परत मिळविले आणि दरपत्रक रद्द केले. एप्रिल १८३४ मधील लियाँ व पॅरिस येथील उठावही कठोरपणे मोडून काढण्यात आले. २८ जुलै १८३५ रोजी फिएस्की याने अनेक बंदुकांच्या नळ्या जोडलेल्या यंत्राने राजावर हल्ला केला. त्यात १८ जणांचा बळी गेला. राजा थोडक्यात वाचला. त्यानंतरच्या सप्टेंबर कायद्यांनी वृत्तपत्रे व व्यंगचित्रे यांवर कडक बंधने लादली. राजाचे मुख पेअर फळाच्या आकारात रेखाटणाऱ्या फिलिपाँ व दोमिए यांच्या व्यंगचित्रांची शासनाने घेतलेली धास्ती, ज्या सनदेने वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी दिली तिच्याशी विसंगत होती.

परराष्ट्र धोरण

युरोपात शांतता राखणे हे लुई फिलिपच्या परराष्ट्र धोरणाचे सूत्र होते. १८३१ मध्ये बेल्जियमने त्याच्या द्वितीय पुत्रास देऊ केलेला मुकुट इंग्लंडचा रोष टाळण्यासाठी त्याने नाकारला. १८४० मध्ये इजिप्तच्या प्रश्नावरून युद्धाचा प्रसंग उद्भवला, तेव्हा त्याने थिएरला दूर करून गिझोला जवळ केले. ही दूरदृष्टी होती. परंतु नेपोलियनच्या विजयांच्या स्मृतीत वाढलेल्या पिढीला ती दुर्बलता वाटली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेपोलियनचे अवशेष सेंट हेलेनाहून आणून समारंभपूर्वक पॅरिसमध्ये ठेवण्यात आले. त्यामुळे बोनापार्ट परंपरेचे तेज मात्र नव्याने उजळले. अल्जीरियात शांततेचे हे धोरण लागू नव्हते. तेथे सेनापती ब्यूजो याने गावे व पिके उद्ध्वस्त करीत युद्ध चालविले आणि डिसेंबर १८४७ मध्ये अब्द अल् कादिर शरण आला.

पतनाची वाटचाल

ऑक्टोबर १८४० पासून सत्तेची सूत्रे गिझोकडे होती. मत हवे असेल त्याने श्रम व काटकसरीने संपन्न व्हावे, या आशयाचे त्याचे उद्गार त्याच्या धोरणाचे सार म्हणून पुढे वारंवार उद्धृत झाले. प्रतिनिधिगृहात मोठ्या संख्येने सरकारी अधिकारी सदस्य म्हणून बसत. त्यांची बढती मंत्र्यांच्या हाती असल्याने बहुमत शासनास सहज लाभे. १८४६ च्या निवडणुकीत ते अधिकच वाढले. मार्च १८४७ मध्ये कराची अट १०० फ्रँकवर आणण्याचा साधा प्रस्तावही फेटाळला गेला. १८४२ मध्ये लोकप्रिय युवराजाचा गाडीच्या अपघातात मृत्यू झाल्याने वृद्ध राजाचा वारस एक बालक उरला होता. १८४६ पासून पिके बुडाली, धान्य महागले, कारखाने बंद पडले.

राजकीय सभांवर बंधने असल्याने विरोधकांनी जुलै १८४७ पासून मेजवान्यांच्या निमित्ताने सुधारणेची मागणी मांडण्यास प्रारंभ केला. २२ फेब्रुवारी १८४८ रोजी पॅरिसमध्ये योजलेल्या मेजवानीवर शासनाने बंदी घातली आणि जमाव रस्त्यावर आला. दुसऱ्या दिवशी मध्यमवर्गीयांच्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या अनेक तुकड्यांनीच सुधारणेच्या घोषणा दिल्या. १८३० मध्ये ज्यांच्या बळावर सिंहासन उभे राहिले, त्यांनीच हात काढून घेतला, हे राजाला त्या दिवशी कळून चुकले. त्याने गिझोला दूर केले; परंतु त्याच रात्री सैनिकांच्या गोळीबारात सुमारे पन्नास माणसे ठार झाली आणि तडजोडीची वेळ निघून गेली. २४ फेब्रुवारीला राजाने नऊ वर्षांच्या नातवाच्या नावे राज्यत्याग केला. प्रतिनिधिगृहात जमाव शिरला व त्याच दिवशी हंगामी सरकार स्थापन होऊन प्रजासत्ताकाचा मार्ग मोकळा झाला. खोट्या नावाने इंग्लंडला पोहोचलेला लुई फिलिप २६ ऑगस्ट १८५० रोजी क्लेअरमाँट येथे मृत्यू पावला.

समारोप

लुई फिलिप जुलमी नव्हता, अकार्यक्षमही नव्हता. त्याने दिलेली शपथ मोडली, असा आरोप त्याच्यावर ठेवता येत नाही. त्याची चूक वेगळ्या स्वरूपाची होती. १८४६ च्या सुमारास मतदारांची संख्या जेमतेम २ लाख ४० हजार होती. या लहानशा वर्तुळाने दिलेला कौल हाच राष्ट्राचा कौल, असे त्याने व गिझोने मानले. प्रतिनिधिगृहातील बहुमत जितके वाढत गेले, तितका देशातील असंतोष त्यांच्या दृष्टीआड झाला. दहाव्या चार्ल्सने कायदा मोडून वैधता गमावली. लुई फिलिपने कायद्याच्या संकुचित चौकटीलाच वैधता मानले. मार्च १८४८ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला आणि मतदारांची संख्या ९० लाखांपलीकडे गेली. त्या मतदारांनी डिसेंबरमध्ये अध्यक्ष म्हणून निवडले ते नेपोलियनच्या पुतण्याला. मताधिकार क्रमाक्रमाने विस्तारण्यास अठरा वर्षांची शांतता हाती होती. ती न वापरल्याने जो बदल टप्प्याटप्प्याने घडू शकला असता तो एका आठवड्यात घडला, आणि त्याचा लाभ संसदीय राजसत्तेला वा प्रजासत्ताकाला न मिळता अखेरीस नव्या साम्राज्याला मिळाला. कायदेशीर बहुमत आणि लोकांची संमती यांतील अंतर न ओळखणारी राजवट कायद्याचे पालन करूनही निराधार होऊ शकते, हे जुलै राजसत्तेच्या इतिहासातून स्पष्ट होते.