गोठलेल्या जमिनीचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या सातिवलीत वीज गेली की आई आधी बजावते, फ्रिज उघडू नका. थोडा वेळ थंडावा टिकतो, मग मासळीला वास सुटतो. भूगोलाच्या सरांनी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाविषयी वाचायला दिले, तेव्हा मला हाच फ्रिज आठवला.

सलग दोन वर्षे वा अधिक काळ शून्य अंशाखाली राहणाऱ्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सैबेरियात ती काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. हजारो वर्षांपूर्वीची मुळे-पाने तीत न कुजता पडून आहेत. उत्तरेकडच्या अशा जमिनीतला कार्बन सुमारे १,५०० अब्ज टन, म्हणजे हवेतल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट! जमीन वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात, कार्बन डायऑक्साइड व मिथेन वायू सुटतात, पृथ्वी आणखी तापते.

हे किती वेगाने होईल याचा अंदाज संगणकावरील मॉडेल बांधते. पृथ्वीचे चौकोन पाडायचे, जमिनीचे थर करायचे आणि कोणत्या थरातून किती उष्णता खाली गेली ते मांडत जायचे. गंमत आहे ती हिमाची. भुसभुशीत हिम गोधडीसारखे असते. हिवाळ्याची थंडी ते जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणजे हिवाळ्यात हिम जास्त पडले तर जमीन उलट उबदार राहते! शिवाय चौकोन बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास. तसा एक वसईवर ठेवला तर त्याचे दुसरे टोक पुण्याजवळ जाईल. खाडी, घाट, पठार, सर्वांना सरासरी एकच. अनेक मॉडेलांनी तर हा गोठलेला कार्बन हिशेबातच धरलेला नाही. मला हे फार गंभीर वाटते.

म्हणून कोणीतरी तिथे जाऊन मोजावे लागते. स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातील वास्कोहून चालतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनेही साऱ्या पृथ्वीचे मॉडेल तयार केले आहे.

बाबा शाळेत गेलेले नाहीत, गाळ्यात काम करतात. त्यांनी विचारले, "तिकडची जमीन वितळली तर आपल्या घरात पाणी येईल का गं?" जुलै २०१८ मध्ये आमच्या घरात गुडघाभर पाणी होते. ते पावसाचे. गोठलेल्या जमिनीच्या पाण्याने समुद्र फारसा वाढत नाही. पण तिथून सुटलेला वायू तिथेच राहत नाही, आणि हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. मग कोसळणारा पाऊसही जोराचा.

"किती वर्षांत?" बाबांनी विचारले.

मी त्यांना चौकोनांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली.