‘ते’ पोरगं रानात निघालं

जर्मन शिकू लागलेल्या सातवी-आठवीतल्या मुलांना ‘मेडशेन’ हा शब्द हमखास अडवतो. अर्थ मुलगी, लिंग मात्र नपुंसक! इंग्रजीच्या आधाराने शिकवलं, तर हा नियम नुसता घोकावा लागतो. मराठी मुलांना एवढंच विचारावं: लेकराला, कोकराला, पाखराला आपण काय म्हणतो? ‘ते’. लहानग्याला ‘ते’ म्हणायची सवय आपल्या कानाला जन्मापासून आहे. जर्मनमध्येही नामाला ‘शेन’ किंवा ‘लाइन’ जोडलं की ते लहान होतं, आणि नपुंसकलिंगीही.

हे तक्त्यात दाखवण्यापेक्षा ‘रोटकेप्शेन’ वाचून दाखवावं. ही आपली लाल टोपीवाली. ‘काप्पे’ म्हणजे टोपी, स्त्रीलिंगी. ‘केप्शेन’ म्हणजे छोटीशी टोपी, नपुंसकलिंगी. तेच त्या मुलीचं नाव पडलं. म्हणून ग्रिम बंधूंच्या गोष्टीत केक आणि वाइन घेऊन आजीकडे निघते ती मुलगी नव्हे, ‘ते’ पोरगं.

लांडग्याची उत्तरं तर व्याकरणाचा खजिनाच आहेत. एवढे मोठे कान कशाला, एवढे मोठे डोळे कशाला, असं पोरगं विचारत जातं आणि प्रत्येक उत्तरात क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. जर्मन गौण वाक्याची ही रीत इंग्रजी वळणाच्या मुलांना फार छळते. पण क्रियापद शेवटी ठेवूनच आपण मराठी बोलतो. दोघांना उभं करून हा संवाद चार वेळा म्हणून घ्यावा, रचना जिभेवर बसते.

भूतकाळाचंही तसंच. रोजच्या बोलण्यात जर्मन माणूस बहुतेकदा ‘पेर्फेक्ट’ वापरतो. ‘गिंग’, ‘काम’, ‘श्प्राख’ म्हणजे गेला, आला, बोलला ही ‘प्रेटेरिटुम’ची रूपं मुख्यतः लिखाणात भेटतात. आपलं ‘आटपाट नगर होतं’ तसं तिकडचं ‘एस वार आइनमाल’. तिथून पुढे ही रूपं इतक्यांदा येतात की वेगळं पाठांतर लागत नाही.

गोष्टी जमवणारे याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे मुळात भाषेचे अभ्यासक, हेही मुलांना सांगायला हवं. संस्कृत ‘पितृ’मधला ‘प’ जर्मन ‘फाटर’मध्ये ‘फ’ का झाला, त्याचा नियम याकोबने 1822 मध्ये मांडला. त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड 1812 चा, सातवी आवृत्ती 1857 ची. मधल्या काळात विल्हेल्म गोष्टींवरून सतत हात फिरवत राहिला.

हे हात फिरवणं वर्गात उघड करावं असं मला मनापासून वाटतं. बारा-तेरा वर्षांची मुलं ‘हेन्झेल उंड ग्रेटेल’ ऐकून गप्प होतात, कारण तिथे भुकेपायी मुलांना रानात सोडून देतात. 1812 मध्ये तो आग्रह सख्ख्या आईचा होता. 1840 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. भयाण म्हणून ही गोष्ट टाळू नये, गोडही करू नये. ‘श्टीफमुटर’ हा शब्द फळ्यावर लिहावा, त्यातला ‘श्टीफ’ पुसावा आणि तेच वाक्य वर्गाला पुन्हा वाचायला लावावं. मग मुलं काय विचारतात, ते ऐकत थांबावं.